काही न लावलेला हात

लहानपणापासून मला डास फार चावतात. दहा माणसं अंगणात बसली असली तरी डास नऊ जणांना ओलांडून माझ्याकडे येतात. माहेरी साताऱ्याकडच्या गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं. लग्नकार्यात झोपायची वेळ आली की आत्या म्हणायच्या, "शालनला मध्ये घाला, म्हणजे बाकीच्यांना झोप लागेल." मी मध्ये झोपायचे. मला कुणी विचारलं नाही आणि मी कधी बोलले नाही. न बोलणं हा माझा दुसरा गुण.

शाळा चौथीपर्यंत झाली. लग्न फौजी माणसाशी झालं, त्यांच्याबरोबर झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आले आणि ते हवालदार म्हणून निवृत्त झाल्यावर आम्ही झाशीलाच सीपरी बाजारात राहिलो. त्यांना बिजौलीच्या कारखान्यांकडे पहारेकऱ्याची नोकरी लागली. तिथेच एका पत्र्याच्या शेडमध्ये डासांची प्रयोगशाळा होती. आजूबाजूचे छोटे कारखानदार डास पळवायची तेलं, मलमं आणि उदबत्त्या बनवतात. त्या खरंच चालतात की नुसत्या वास देतात, हे तिथे ठरायचं.

एक दिवस हे घरी येऊन म्हणाले, "त्यांना अशी बाई पाहिजे जिला डास खूप चावतात. पगार देणार आहेत."

मला वाटलं थट्टा करताहेत. थट्टा नव्हती. बारा वर्षं मी ती नोकरी केली. हे अजून पाहुण्यांना सांगतात, "देशासाठी रक्त मी सांडायचं होतं. मी पेन्शन घेऊन घरी आलो, सांडलं हिनं."

काम काय होतं ते सांगते, कारण कुणाला पटत नाही. देव्हाऱ्याएवढा जाळीचा पिंजरा. त्यात दोनशे डास, सगळ्या माद्या, कारण चावते ती मादी. नर बिचारा फुलांचा रस पिऊन राहतो. पिंजऱ्याला कापडी बाही शिवलेली. पंजावर जाड रबरी मोजा घालायचा, मनगटापासून कोपरापर्यंत हात उघडा ठेवायचा आणि बाहीतून आत घालायचा. आधी डावा हात, काहीही न लावलेला. अर्धं मिनिट. त्या वेळात किती बसल्या ते मोजायचं. दहा तरी बसल्या पाहिजेत. दहा बसल्या म्हणजे माद्या भुकेल्या आहेत, हात चांगला आहे, पुढे चला. मग उजव्या हाताला गिऱ्हाइकाचं तेल मापानं लावायचं आणि तो हात दर अर्ध्या तासानं तीन मिनिटं आत. ज्या वेळी उजव्या हातावर दोन माद्या बसल्या, त्या वेळी तेलाचा जोर संपला. हे असंच करायचं असं कागदावर ठरलेलं आहे आणि सगळीकडे असंच करतात, असं निगम सर सांगायचे. या माद्या अंड्यापासून तिथेच वाढवलेल्या, आजारी रक्त कधी न प्यायलेल्या, म्हणून ताप यायची भीती नव्हती. खाज मात्र यायची. ती कागदावर नव्हती.

निगम सर आमचे मोठे साहेब. बारीक, चष्मा नाकाच्या टोकाला. पहिल्या दिवशी मी त्यांना कसंबसं विचारलं होतं, "सर, ज्या हाताला काही लावत नाही त्याचं काय काम?"

ते म्हणाले, "शालन जी, सबसे बड़ा काम उसी का है. सब उसी से नापा जाता है."

हे मला फार आवडलं. मी आयुष्यात कुठे पुढे पुढे केलं नाही. इथे काही न करता बसायचं होतं आणि सगळं माझ्यावरून मोजलं जायचं.

दुसरं माणूस म्हणजे गिरिजा. डास वाढवायचं काम तिचं. ती इथलीच, बुंदेली बोलणारी, आई आणि ती दोघीच घरात आणि घर तिच्या पगारावर. पाण्याच्या थाळ्यांत अळ्या वाढवायची, मोठ्या झाल्यावर साखरपाण्याचे बोळे ठेवायची आणि चाचणीच्या आदल्या संध्याकाळी बोळे काढून घ्यायची, म्हणजे माद्या उपाशी राहतात. त्यांना ती बिटिया म्हणायची. "देखो दीदी, आज बिटियाँ कैसी चमक रही हैं," म्हणत पिंजरा आणायची आणि मी त्या चमकणाऱ्या बिटियांत हात घालायची.

गिऱ्हाइकं एकेक नमुन्याची. एक जण तांब्याचं कडं घेऊन आला. हे घातलं की डास तीन हात लांब राहतो म्हणाला. सरांनी नियमाप्रमाणे चाचणी केली. एक मादी नेमकी त्या कड्यावर जाऊन बसली आणि तिथून उतरून मला चावली. तो म्हणाला, "ये बैठी कहाँ, ये तो फिसल रही थी." दुसऱ्याच्या उदबत्तीनं डास मेले नाहीत, सर मात्र खोकत बाहेर गेले. त्यानं विचारलं, "सर पर असर हुआ, ये रिपोर्ट में आएगा क्या?"

या नोकरीचे नियम होते. चाचणीच्या आदल्या दिवसापासून वासाचा साबण नाही, तेल नाही, पावडर नाही, अत्तर नाही. सकाळी सर विचारायचे, "कुछ लगाया?" मी मान हलवायची, नाही. त्यांनी विचारायचं आणि मी मान हलवायची, हे बारा वर्षं घड्याळासारखं चाललं. फक्त एकदा ते घड्याळ चुकीचं चाललं.

आता सीपरीतलं सांगते. तिथे जुन्या मराठी मंडळींची थोडी घरं आहेत. त्यांचे पूर्वज पेशवाईत इकडे आले. त्यांच्यात माई थोरल्या. पंच्याहत्तरी ओलांडलेल्या, आवाज खणखणीत. नातवंडं त्यांच्याशी हिंदीत बोलतात आणि त्या त्यांना मराठीत रागावतात. चैत्रगौरीचं हळदीकुंकू त्यांच्याकडे दरवर्षी असतं. मी सांगितलं होतं की लॅबमध्ये नोकरी आहे. पुढचं सांगायला लाज वाटली. पिंजऱ्यात हात घालते हे हळदीकुंकवाला कसं सांगायचं? त्यामुळे सगळे धरून चालले की मी रक्त तपासते. बायका पर्समधून रिपोर्ट काढायच्या. "शालनताई, माझं हिमोग्लोबिन नऊ आलंय. काय करू?" मी म्हणायची, "पालक खा." दुसरी यायची, "माझी साखर बघा ना." मी म्हणायची, "गोड कमी करा." बारा वर्षांत माझा एकही सल्ला चुकला नाही.

पण रिपोर्ट त्या जरा लांबूनच दाखवायच्या. माझ्या हातांवर डास चावल्याच्या लाल गांधी सदा असायच्या. मी पदराखाली झाकायची, तरी दिसायच्या. हिला कातडीचं काहीतरी आहे, अशी कुजबुज होती. कुंकू लावताना एकदोघी बोटाचं टोकच टेकवायच्या. मला कळायचं. मी अजून कोपऱ्यात सरकायची.

चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीच्या हाताला मनगटापासून कोपरापर्यंत चंदनाचा लेप लावतात आणि त्यावर शिंपला फिरवतात. शिंपल्याच्या कडेनं रेघांची सुरेख नक्षी उमटते. उन्हाळ्याचा थंडावा म्हणून हा मान. माझ्या नोकरीला या मानाचं वावडं. म्हणून दर चैत्रात माझं काहीतरी निघायचं. कधी हाताला भाजलंय म्हणून फडकं बांधायची, कधी उशिरा जाऊन नुसती डाळ आणि पन्हं घेऊन परतायची.

त्या वर्षी हळदीकुंकू रविवारी होतं आणि सोमवारी मोठी चाचणी. झाशीजवळच्या मोठ नावाच्या गावचे एक लालाजी होते, तेलाचे व्यापारी. त्यांनी गवती चहा आणि कडुनिंबाचं डासांचं तेल काढलं होतं. बाटल्यांवर 'छह घंटे' असं आधीच छापून घेतलं होतं, तपासणी नंतर. मी ठरवलं होतं की माईंकडे जायचं नाही. माईंनी नातीला पाठवलं. गेले, आणि कोपऱ्यात बसले.

चंदनाची वाटी घेऊन सून ओळीनं येत होती. माझ्यापाशी आली आणि अडखळली. मी पदर ओढून घेतला. शेजारच्या बाई म्हणाल्या, "त्यांना नको असेल. हाताला ते... आहे ना."

माई उठल्या. सुनेच्या हातातली वाटी घेतली, येऊन माझ्यासमोर बसल्या आणि सगळ्यांदेखत माझा हात ओढून आपल्या मांडीवर घेतला.

"काय आहे हाताला? हात आहे," त्या म्हणाल्या. "उन्हाळ्यात उठतं अंगावर. चंदनानं थंड पडेल. हलू नकोस."

मी म्हणू शकले असते की माई, उद्या चाचणी आहे. एक वाक्य होतं. पण इतक्या वर्षांत त्या घरात कुणी माझा हात असा धरला नव्हता. मी हात तसाच राहू दिला. माईंनी दोन्ही हातांना लेप लावला, आणि तो साधा नव्हता. चंदनात वाळ्याचं पाणी, कापूर आणि वर अत्तराचे चार थेंब. मग शिंपला फिरवला. माझ्या गांधींमधून वाट काढत त्यांनी अशी नक्षी ओढली की सगळ्या बघायला जमल्या. कुंकवाला बोटाचं टोकच टेकवणाऱ्या एका बाईंनी माझा हात हातात घेऊन पाहिला.

घरी येऊन बेसन लावून तीनदा हात धुतले, साध्या पाण्यानं. सकाळी परत. हुंगून पाहिले तर मला वास येईना. आपला वास आपल्याला येत नाही, एवढं चौथीतलं शहाणपण तेव्हा आठवलं नाही.

सोमवारी लालाजी मोठहून आपल्या गाडीनं आले होते. पोट पुढे, बाटली त्याच्याही पुढे. सरांनी विचारलं, "कुछ लगाया?" माझी मान हलली. मी हलवली असं नाही, ती सवयीनं हलली. पण माझीच मान होती.

डावा हात आत घातला. अर्धं मिनिट झालं. चार बसल्या.

माझ्या हातावर चार. माझ्या आयुष्यात चारच बसल्या असं कधी झालं नव्हतं. सरांनी घड्याळ हलवून पाहिलं. दाराशी बसलेले लालाजी उठून उभे राहिले. "देख लो साब, एकऊ नईं बैठो. हमाओ तेल ऐसोई है."

"लालाजी, तेल अभी लगा नहीं है," सर म्हणाले. "ये बिना तेल का हाथ है."

लालाजींनी बाटलीकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "बोतल तो पास में धरी थी. उसी को असर है."

उजवा हात आत घातला, तोही कोरा. तीन. सरांनी परत विचारलं, "शालन जी, पक्का कुछ नहीं लगाया?" मान दुसऱ्यांदा हलली. या वेळी सवय नव्हती. भीती होती.

हात चांगला असेल तर मग माद्या वाईट. सर गिरिजाकडे वळले. "चीनी का पानी कल शाम हटाया था?"

"हटाया था सर."

"तो आज ये सब व्रत क्यों रखे बैठी हैं?"

गिरिजाकडून आधी एकदा चूक झाली होती, साखरेचे बोळे काढायचे राहिले होते. तेव्हा लॅबच्या मालकांनी सांगितलं होतं की पुन्हा असं झालं तर दुसरीकडे काम बघ. सरांना ते ठाऊक होतं, मला ठाऊक होतं आणि गिरिजाला तर होतंच. सर नाइलाजानं म्हणाले, "पूरी खेप बर्फ में डाल दो. मालिक को बताना पड़ेगा." म्हणजे सगळ्या माद्या आणि त्यांच्या मागची अंडी-अळ्याही थंड करून मारायच्या आणि गिरिजानं घरी जायचं.

तिनं वाद घातला नाही. पिंजरा उचलला, शीतपेटीकडे निघाली आणि जाळीला तोंड लावून म्हणाली, "चलो बिटिया. हमने तो भूखा ही रखा था तुमको."

मी माझ्या आयुष्यात चार माणसांत आपणहून बोलले नव्हते. पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज आला.

"सर," मी म्हटलं. "चंदन."

"क्या चंदन?"

"हाथ में. कल. माई ने लगाया. दोनों में."

सर माझ्याजवळ आले, माझा हात उचलला आणि चष्मा वर करून मनगटापासून कोपरापर्यंत हुंगत गेले. परक्या पुरुषानं माझा हात हुंगला तो एवढाच, आणि तोही हातात टिपणवही घेऊन. मागून लालाजींनीही नाक आणलं.

"कपूर है," लालाजी डोळे मिटून म्हणाले. "खस है. और कछू है."

"इत्र," मी म्हटलं.

गिरिजानं झाकण बंद केलं. पिंजरा अजून तिच्या काखेत होता. मला ती शिव्या देईल तर बरं असं वाटत होतं.

सर म्हणाले, "आपने दो बार सिर हिलाया." ओरडले नाहीत. ओरडले असते तर मी विसरले असते. त्यांनी त्या दिवसाच्या कागदावर आडवी रेघ मारली, कारण लिहिलं आणि खाली माझी सही घेतली. आठ दिवस माझं काम बंद. नवव्या दिवशी पुन्हा चाचणी, त्याच माद्यांच्या पुढच्या खेपेवर. त्या दिवशीही डास बसले नाहीत तर दोष गिरिजाचाच धरला जाईल, हेही त्यांनी सांगितलं. चंदन हे माझं म्हणणं होतं, आणि म्हणण्याला आमच्याकडे किंमत नव्हती. मोजावं लागतं.

जाताना गिरिजा एवढंच म्हणाली, "दीदी, आठ दिन चंदन से दूर रहियो."

त्या आठ दिवसांत मी साध्या पाण्याशिवाय कशाला हात लावला नाही. फोडणीला लसूण घातला नाही. हे म्हणाले, "हे काय, डासांसाठी सोवळं?" मी म्हटलं, "हो."

दरम्यान लालाजी गप्प बसले नव्हते. माझ्याकडून पत्ता काढून ते माईंच्या दारात जाऊन उभे राहिले. माईंनी मला मग सांगितलं ते असं.

"अम्माजी, वो जो चंदन आप लगाती हो, उसकी विधि चाहिए."

"किसलिए?"

"मच्छर नहीं बैठते."

"कुणावर?"

"शालन बिन्नू पे. नौकरी में. पिंजरे में हाथ डालती हैं ना."

बिन्नू म्हणजे बुंदेलीत बहीण. माईंनी त्यांना आत बसवलं, पन्हं दिलं आणि सगळं काढून घेतलं. लेपाची कृती मात्र दिली नाही. "बायकांचं असतं ते," म्हणाल्या. संध्याकाळी माझ्याकडे आल्या.

"तू रक्त तपासत नाहीस?"

"नाही माई."

"मग माझ्या हिमोग्लोबिनला पालक सांगितलास तो?"

"पालक चांगलाच असतो माई."

त्या माझ्या हातांकडे बघत बसल्या. मग म्हणाल्या, "मला तेव्हाच सांगायचं होतंस."

"तुम्ही हात धरला होता," मी म्हटलं. यापेक्षा जास्त मला बोलता आलं नाही. त्यांना ते पुरलं असावं, कारण नवव्या दिवशी त्या लालाजींच्या गाडीत पुढच्या सीटवर बसून बिजौलीला आल्या. माझ्यामुळे झालं म्हणाल्या, तर माझ्यासमोर फिटू दे. सरांनी त्यांना दाराशी खुर्ची दिली आणि हुंगून अत्तर नाही याची खात्री केली. माईंनी ते मुकाट्यानं होऊ दिलं.

गिरिजानं पिंजरा आणला. या वेळी बिटियांना काही म्हणाली नाही. ओठ नुसते हलत होते.

"कुछ लगाया?" सरांनी विचारलं.

"नहीं, सर," मी तोंडानं म्हटलं. मान हलवणं मी तेव्हापासून सोडलं.

हात आत घातला. दोन क्षण काही नाही. मग एक आली, मग तीन आणि मग मोजायला सर कमी पडायला लागले. माई मोठ्यानं मोजू लागल्या. "आठ, नऊ, दहा. अकरा. अहो, ती बघा कोपराशी, बारा." सर म्हणाले, "माताजी, धीरे." माईंनी आवाज वाढवला. अर्ध्या मिनिटात एकतीस. गिरिजा भिंतीला टेकली आणि पदरानं तोंड पुसत म्हणाली, "हमारी बिटियाँ ठीक हैं सर. लिख लो." सरांनी लिहिलं.

माई लालाजींना म्हणाल्या, "देखा? हमारी शालन." जणू मी पहिल्या नंबरानं पास झाले होते.

लालाजींचं तेल दीड तास चाललं. ते बाटलीकडे बघून म्हणाले, "छह घंटे में डेढ़ घंटा तो आता ही है." सरांनी तसं लिहायला नकार दिला. शेवटी लालाजींनीच बाटल्यांवर लावायचे नवे कागद छापून आणले.

गिरिजा पुढे दोन महिने माझ्याशी मोजकंच बोलली. ते मी मोजलं आणि सोसलं. मग एक दिवस पिंजरा आणताना म्हणाली, "दीदी, आज बिटियाँ चमक रही हैं," आणि मला रडू आलं. हात आत होता, पुसता येईना.

माझी नोकरी गेल्या वर्षी संपली. वयानं बसणाऱ्या कमी होत गेल्या. तीसवरून वीस, वीसवरून बारा. एक दिवस नऊ आल्या. मीच मोजा काढून ठेवला. नियम म्हणजे नियम. गिरिजा अजून तिथेच आहे.

त्या चाचणीनंतरच्या चैत्रातलं एवढं सांगून थांबते. माईंकडे गेले तेव्हा कोपऱ्यात बसू लागले, तर त्यांनी मला मधे बसवलं. "हिला मधे बसवा, म्हणजे बाकीच्यांना चावणार नाहीत," असं म्हणून हसल्या. सून वाटी घेऊन आली. माईंनी ती बाजूला सारली, माझा हात मांडीवर घेतला आणि कोऱ्या हातावर कोरडाच शिंपला फिरवला. चंदन नाही, वाळा नाही, काही नाही. पांढऱ्या रेघा क्षणभर उमटायच्या आणि विरायच्या. तरी त्यांनी कोपरापर्यंत पूर्ण नक्षी ओढली.

तेवढ्यात त्या रेघांच्या मधोमध एक डास येऊन बसला. माईंनी मारायला हात उगारला.

"राहू द्या माई," मी म्हटलं. "चावतेय म्हणजे बाई आहे. हळदीकुंकवालाच आलीय."